पासष्ट किलोंची डिस्क

नांदुऱ्याच्या बाहेर ज्या जिनिंगमध्ये मी नोकरी करते, तिथे कापसातून सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधून त्या दक्षिणेतल्या सूतगिरण्यांना जातात. मी तिथली गुणवत्ता अधिकारी. हुद्दा ऐकून पाहुणेमंडळी खुर्चीत जरा सावरून बसतात. प्रत्यक्षात माझ्या ताब्यात एक खोली, एक कॉम्प्युटर, ओलावा मोजायचं एक यंत्र आणि बावीस फायली आहेत.

या फायलींना शेजारचा जिनिंगवाला जबाबदार आहे. त्याने गुणवत्तेचं सर्टिफिकेट मिळवलं आणि गेटवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं. आमच्या शेठना ते रोज येता-जाता दिसायचं. "आपल्यालेबी पायजे," ते म्हणाले, आणि काम माझ्या गळ्यात पडलं. सर्टिफिकेटसाठी लेखी कार्यपद्धती लागते. कोणतं काम कोण करणार, कसं करणार, कुठे लिहून ठेवणार, हे सगळं कागदावर. माझी एक मैत्रीण औषधांच्या कारखान्यात होती. तिच्याकडून मी त्यांची कार्यपद्धती मागवली, कॉम्प्युटरला सांगून 'गोळी' या शब्दाच्या जागी सगळीकडे 'गाठ' घातलं आणि जेवायच्या सुट्टीच्या आत आमची कार्यपद्धती तयार झाली. तेव्हापासून आमच्याकडची प्रत्येक गाठ, जी उचलायला चार हमाल लागतात, अधिकृतरीत्या 'थंड व कोरड्या जागी, लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी' ठेवली जाते. पहिल्या वर्षीच्या ऑडिटरने त्या ओळीवर बरोबरची खूण केली. त्यानंतर माझा या सगळ्या प्रकारावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

त्याच कार्यपद्धतीत एक प्रकरण कॉम्प्युटरमधल्या नोंदींच्या बॅकअपचं होतं. दर आठवड्याला सगळ्या नोंदींची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यायची. ती डिस्क कारखान्यापासून इतक्या लांब ठेवायची की इथली आग किंवा पूर तिथे पोहोचू नये. आणि दर तीन महिन्यांनी ती उघडून माहिती खरंच परत मिळते का ते पाहायचं. शेठना मी हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "जिनिंगले आग लागली त तू कापूस सोडून कॉम्प्युटर वाचवशीन काय?" मग सर्टिफिकेट आठवलं असावं. "ठेव कुठंबी. पन लांब ठेव."

लांब म्हणजे कुठे, हा प्रश्न चाचांनी सोडवला.

चाचा आमचे कापूस पारखी. शेठच्या वडिलांच्या काळापासूनचे. गाडी आली की ते ढिगात कोपरापर्यंत हात घालतात, आतला मूठभर कापूस काढतात, त्यातली एक सरकी दाढेखाली धरून फोडतात आणि आवाजावरून ओलावा सांगतात. माझं यंत्र नंतर तोच आकडा दाखवतं, फक्त त्याला बॅटरी लागते. एका ऑडिटरने विचारलं होतं की तपासणीच्या प्रत्येक साधनाची अचूकता प्रमाणित केलेली असावी लागते, तर या दाढेचं काय. मी चाचांना दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि 'दाढ मजबूत आहे' अशी चिठ्ठी फायलीत लावली. तीही चालली.

चाचा आठवडाभर नांदुऱ्यात खोली करून राहतात आणि शनिवारी दुपारी एसटीने गावी, धामणगाव बढ्याला जातात. "माह्याजवळ दे बेटी," ते म्हणाले. "घरी लोखंडी पेटी हाय. वालिदसाहेबांच्या वखताची. त्यात जमिनीचे कागद ऱ्हायतात. तुही डिस्क बी ऱ्हाईन." त्यांच्या बायकोने गाठींवर गुंडाळतात त्या कापडाच्या दोन नाडीच्या पिशव्या शिवून पाठवल्या. दोन डिस्क घेतल्या. शनिवारी एक जाणार, सोमवारी दुसरी परत येणार. देताना-घेताना एका नमुन्यावर माझी सही आणि चाचांची उर्दूतली सही. मी त्यांना ते प्रकरण वाचून दाखवलं, कारण कार्यपद्धतीत 'संबंधितांस प्रशिक्षण द्यावे' असं होतं. त्यांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं आणि मग विचारलं, "म्हंजे हे अमानत झाली ना?" विश्वासाने सांभाळायला दिलेली ठेव, या अर्थी मी हो म्हटलं. त्या शब्दाचं वजन मला तेव्हा कळलं नाही.

डिस्कचं वजन मात्र पहिल्याच शनिवारी निघालं. गेटवरच्या वॉचमनने चाचांना अडवलं. आमच्याकडे वजन झाल्याशिवाय काहीही बाहेर जात नाही, आणि वजनाची पावती ट्रक तोलायच्या काट्यावरच निघते. डिस्क काट्यावर ठेवली. काटा पाच-पाच किलोंच्या टप्प्याने मोजतो, त्याने शून्य दाखवलं. शून्याची पावती मशीन छापत नाही.

"मग कसं?" मी विचारलं.

"वजन त लागनच, मॅडम," वॉचमन म्हणाला. नियम त्याने केला नव्हता, पण तो पाळताना त्याच्या चेहऱ्यावर तसं तेज आलं होतं.

शेवटी चाचा डिस्क हातात धरून काट्याच्या मधोमध, जिथे ट्रक उभा राहतो तिथे, उभे राहिले. पासष्ट किलो. पावती छापली गेली: माल, डिस्क एक, वजन, पासष्ट किलो. सोमवारी परत येताना पुन्हा तेच. वॉचमन दोन्ही पावत्या जुळवून शेरा मारायचा, 'माल पूर्ण आला'. रमजानमध्ये आमचा डेटा पाच किलोंनी उतरायचा आणि ईद झाल्यावर हळूहळू पूर्वपदावर यायचा. या सगळ्या पावत्या मी क्रमाने फायलीला लावत गेले. मला वाटतं, तो माझा नोकरीतला सगळ्यात आनंदाचा काळ होता.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला आवडत नाही.

पहिला हंगाम मी दर शनिवारी नेमाने नक्कल घेतली. जुना कॉम्प्युटर, दीड तास लागायचा. दुसऱ्या हंगामात एका शनिवारी लाइट गेली, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, चाचांची एसटी चुकायची वेळ. मी पिशवीची नाडी बांधली आणि डिस्क आहे तशी दिली. नमुन्यावर 'बॅकअप घेतला' लिहून सही केली. म्हटलं, पुढच्या शनिवारी घेऊ. पुढच्या शनिवारी दुसरं काहीतरी होतं. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की न घेतलेल्या आणि घेतलेल्या बॅकअपमध्ये बाहेरून काडीचाही फरक नसतो. काटा तेवढंच वजन दाखवतो. मग मी घेणं सोडूनच दिलं.

नोंदवही मात्र मी फार मन लावून भरली. दर तीन महिन्यांची 'माहिती परत मिळवण्याची चाचणी' मी ऑडिटच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत लिहून काढायची. तीन वेगळी पेनं वापरायची. एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ उठवायची, म्हणजे ते पान वापरातलं वाटतं. सगळ्या चाचण्या 'यशस्वी'. एक मी मुद्दाम 'अंशतः यशस्वी' केली होती, खरेपणासाठी.

असं दोन वर्षं चाललं. मग गेल्या हंगामात, ऑडिटला पंधरा दिवस राहिले असताना, दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या.

पहिली, एका सूतगिरणीने आमचा माल परत पाठवला. गाठी फोडल्या तर आतून पिवळ्या पडलेल्या, वास मारणाऱ्या. ओला माल दाबला की असं होतं. शेठनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि विचारलं, हा माल पास कोणी केला. पारखी एकच होता. "चाचाची दाढ गेली आता," शेठ सगळ्यांसमोर म्हणाले. "ऑडिट होईलोक घरी बसा, चाचा. मंग पाहू. नवा मानूस ठेवा लागन बहुतेक."

मी तिथेच उभी होते. मला तो दिवस स्वच्छ आठवत होता. चाचांनी सरकी फोडली, थुंकली आणि म्हणाले, "ओला हाय. दोन दिस ऊन दाखवा, मंग दाबा." मी कॉम्प्युटरवर तसंच नोंदवलं: ओलावा जास्त, माल थांबवावा. तासाभराने शेठचा फोन आला. ट्रक उभा होता. "दाबून टाका," ते म्हणाले, "एवढ्यानं काई होत नाई." मी गाठी दाबणाऱ्या प्रेसवर निरोप दिला आणि माल दाबला गेला. हे शेठ विसरले होते. मला तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की शेठ, तुम्हीच सांगितलं होतं. मी उघडलं नाही. नोकरी कोणाला नको असते, आणि नांदुऱ्यात विज्ञान शिकलेल्या बाईला दुसरी कुठे मिळणार होती? मी मनाशी म्हटलं, नोंद आहे ना कॉम्प्युटरमध्ये. ती छापून शेठच्या टेबलावर ठेवू. कागद बोलेल, आपल्याला बोलायला नको.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी दुपारी झाली. मी कॉम्प्युटर सुरू केला, त्याने एक उसासा टाकला आणि तो गेला. मेकॅनिकने डबा उघडला तर आत पंखा दिसेना. सगळीकडे रुई. इतक्या वर्षांत हवेतून उडून आत बसलेली, एका उशीला पुरेल एवढी. "मॅडम, हे त गादीवाल्याचं काम हाय," तो म्हणाला. नोंदी परत मिळतील का विचारलं तर त्याने हात झटकले, आणि त्या हातांवरूनही रुई उडाली.

मी फाटकापाशी चाचांना गाठलं. ते सामान आणि त्या शनिवारची पिशवी घेऊन गावी निघाले होते; दुसरी पिशवी घरच्या पेटीत होतीच. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला असं घरी पाठवलं, पण चेहरा शांत.

"तू कायले रडून राह्यली?" त्यांनी मलाच विचारलं. "त्या दिवशीचं तू लिवलं होतं ना?"

"लिहिलं होतं. पण कॉम्प्युटर गेला, चाचा."

"जाऊ दे गेला त. डिस्क हाय ना आपल्याजवळ." ते हसले. "यासाठीच त ठेवली होती."

मी मान हलवली. डिस्कवर दोन वर्षांपूर्वीच्या पहिल्या हंगामापलीकडे काहीही नाही, हे जगात मी एकटीच जाणत होते. मी घाबरून म्हटलं, सोमवारी माझ्याकडे आणून द्या, मी आधी बघून ठेवते. काय करणार होते मी ती आणून? कदाचित हरवणार होते. चाचांनी मात्र नकारार्थी मान हलवली.

"नाई बेटी. गुन्हेगार मी हावो सध्या. मी चुपचाप आणून देल्ली त लोक म्हनतीन, चाचानं मधात काई केलं. आडिटच्या दिवशी आणतो. सगळ्याइच्या समोर उघडजो."

पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रोज सकाळी ठरवायची, आज शेठना सांगते. रोज शेठ यायचे, ताई चहा घेतला का, विचारायचे, आणि मी हो म्हणायची. मग दिवसभर स्वतःवर चिडून हमालांवर खेकसायची. एकदा वाटलं, नवीन फाइल बनवून जुनी तारीख घालावी. ते मला सहज जमलं असतं, आणि ते सहज जमलं असतं याचीच मला पहिल्यांदा किळस आली.

ऑडिट शनिवारी होतं. त्या वर्षीचा ऑडिटर पुण्याचा, तरुण, अतिशय सभ्य आणि चष्म्याआडून सगळं वाचणारा. बॅकअपची फाइल त्याने उघडली आणि वजनाच्या पावत्या पाहून तो थांबला.

"मॅडम, ही डिस्क पासष्ट किलोंची आहे?"

"हो. म्हणजे माणसासकट."

"आणि मार्च-एप्रिलमध्ये साठ होते?"

"रोजे असतात," मी म्हटलं.

त्याने बराच वेळ विचार करून वहीत काहीतरी लिहिलं. त्याला ही चेष्टा नसून पद्धत आहे हे पटायला पाच मिनिटं लागली. मग त्याने गेटवरच्या वॉचमनला बोलावून खात्री केली, आणि वॉचमनने त्याला सांगितलं की इतक्या वर्षांत एक किलोचीही चोरी नाही.

तेवढ्यात चाचा आले. इस्त्रीचा कुर्ता, कानाजवळ अत्तर. आत येतानाही काट्यावर उभे राहूनच आले होते, पावती हातात होती. दोन्ही पिशव्या त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि नाड्यांवरच्या गाठी शेठना दाखवल्या. कोणी हात लावलेला नाही.

"छान," ऑडिटर म्हणाला. "मग माहिती परत मिळवून दाखवा. तुमचं ते परत आलेल्या मालाचं प्रकरण आहे ना, त्याच दिवसाची नोंद काढा."

शेठ खुर्ची ओढून जवळ आले. चाचा माझ्या मागे उभे राहिले. मी डिस्क नव्या कॉम्प्युटरला लावली. तारखांची यादी उघडली. पहिल्या हंगामाच्या तारखा, एकाखाली एक, दर शनिवारची, आणि मग काही नाही.

"उलट क्रमाने लागलं असेल," ऑडिटर म्हणाला. त्याने क्रम फिरवला. त्याच तारखा वरून खाली झाल्या.

"दुसरी पाय," चाचा म्हणाले. दुसरी लावली. तीही तिथेच संपत होती.

"खाली आसन बेटी. अजून खाली जाय."

खाली काही नव्हतं. मी तरी तो बाण खाली खाली नेत राहिले, आणि एका क्षणी माझा हात थांबला.

"मी घेतलाच नाही," मी म्हटलं. "दोन वर्षं बॅकअप घेतलाच नाही. वहीतलं सगळं खोटं आहे. चाचांना काही माहीत नाही." आणि तोंड उघडलंच होतं, तर मी शेठकडे वळले. माझा आवाज इतका मोठा निघाला की बाहेरचे हमाल थांबले. "त्या दिवशी चाचांनी माल ओला आहे, दाबू नका, असं सांगितलं होतं. मी लिहिलं होतं. मग तुमचा फोन आला. दाबून टाका, तुम्ही म्हणालात. मी ऐकलं आणि दाबला."

मी नोकरी गेली असं धरून चालले. शेठनी छताकडे पाहिलं, गाल खाजवला.

"हाव," ते म्हणाले. "म्हटलं असन. ट्रक उभा होता वाट्टे." मग माझ्याकडे पाहून अगदी खऱ्या आश्चर्याने म्हणाले, "एवढंच होतं त पयलेच काऊन नाई सांगतलं, ताई? चाचा, सोमवारपासून या."

संपलं. ज्या वाक्याला मी पंधरा दिवस भ्याले ते शेठनी गालावरची माशी हाकलावी तसं हाकललं. मला हसू आलं, रडू आलं आणि शेठचा रागही आला, सगळं एकदम. ऑडिटरने घसा साफ करून विचारलं की पिशव्यांवर लेबल का नाही. मग त्याने वहीत बॅकअपबद्दल बरंच काही लिहिलं, आम्हाला तीन महिन्यांची मुदत दिली आणि तो शेठबरोबर जेवायला गेला.

चाचा तिथेच बसून होते. मी त्यांच्याकडे वळले. वाटलं होतं, ते खूश असतील. त्यांच्या नावावरचा डाग गेला होता. ते हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहत होते.

"मंग हे दोन वर्सं," ते म्हणाले, "मी काय नेऊन राह्यलो होतो?"

मी टेबलावरची दुसरी पिशवी जवळ ओढली.

"घरात अमानत हाय म्हनून आमी दोघं एका टायमाले घराबाहेर नाई पडलो, इतवारी. एक जन पेटीपाशी. सालीच्या पोरीचं लगन झालं, बायको एकटी गेली. मी घरी." ते रागाने बोलत नव्हते. रागाने बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. "दाढ गेली म्हने शेठ, ते मले नाई लागलं. मले मालूम होतं, दाढ हाय."

मी त्यांची माफी मागितली. पायांना हात लावायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

"माफी राहू दे. शनिवार हाय आज. यष्टीले टाइम हाय. भर."

नव्या कॉम्प्युटरवर पंधरा दिवसांच्याच नोंदी होत्या. नक्कल चार मिनिटांत झाली. मी डिस्क काढली, पिशवीत घातली, नाडी बांधली, नमुन्यावर सही केली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला आणि समोरची खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी आणली.

"खोल," ते म्हणाले. "आजची तारीख दाखव."

मी नाडी सोडली, डिस्क पुन्हा लावली आणि आजची नोंद उघडून दाखवली. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून तारीख वाचली, मग सही केली. तेव्हापासून दर शनिवारी मी उघडते आणि ते वाचतात. कार्यपद्धतीत तीन महिन्यांतून एकदा लिहिलं आहे, आमच्याकडे आठवड्याला होतं. यंदाच्या ऑडिटरने त्याबद्दल माझं कौतुक केलं, इतकी काटेकोर चाचणी त्याने कुठेच पाहिली नाही म्हणाला. चाचा शेजारीच बसले होते. बेटी म्हणणं त्यांनी कधीच बंद केलं आहे, आता ते मला मॅडम म्हणतात.